समुद्रातल्या लाकडाची कीड आणि औषधप्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होडीमालक, धक्क्यांची कामे घेणारे कंत्राटदार, खारबंदिस्तीची दारे सांभाळणारे शेतकरी आणि किनाऱ्यावर लाकडी जेटी बांधू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे कोकण-गोव्याचा किनारा आणि खाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. समुद्रात लाकूड नेमकं कोण पोखरतं? वाळवीच असते का?

वाळवी नाही. खाऱ्या पाण्यात दोन वेगळ्या कुळांचे प्राणी हे काम करतात आणि त्यांचा फरक माहीत असल्याशिवाय औषध निवडता येत नाही.

पहिले कूळ शिंपल्यांचे. त्यात टेरेडो आणि बँकिया हे सर्वांत घातक. दिसायला लांबट पांढरा किडा, पण प्रत्यक्षात तो शिंपलाच. डोक्याकडच्या दोन छोट्या शिंपांनी तो लाकूड किसतो आणि कल्ल्यांत राहणाऱ्या जिवाणूंच्या मदतीने ते पचवतो. आपल्या बोगद्याला आतून चुन्याचे पातळ अस्तर लावतो. त्याच कुळातला मार्टेशिया बुटका आणि जाड असतो. तो लाकूड खात नाही, फक्त राहण्यापुरते कोरतो, पण दाटीने वस्ती केली की फळीची चाळण करतो.

दुसरे कूळ कवचधारी प्राण्यांचे, म्हणजे कोळंबी-खेकड्यांचे दूरचे भाऊबंद. लिम्नोरिया काही मिलिमीटरचा असतो आणि वरवरचे लाकूड कुरतडत जातो. स्फेरोमा साधारण सेंटिमीटरभर, बोट लावले की गोळी होणारा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि खाडीच्या मचूळ पाण्यात त्याचे राज्य असते.

२. वरून लाकूड ठणठणीत दिसतं. आत कीड आहे हे कसं ओळखायचं?

टेरेडोच्या बाबतीत नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. त्याचे पिल्लू शिरते तेव्हा भोक टाचणीच्या डोक्याएवढेही नसते. प्राणी आत हातभर वाढला तरी बाहेरचे भोक एक-दोन मिलिमीटरच राहते. लाकूड पाण्यात असताना नीट पाहिले तर त्या भोकातून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या दिसतात. लाकूड बाहेर काढले की त्या आत जातात आणि भोक दोन चिमुकल्या झडपांनी बंद होते.

ओहोटीला हातोडीने ठोकून पाहा: भरीव लाकूड टणक वाजते, पोखरलेले बद्द वाजते. शंका आली तर पोकळ गिरमिटाने पेन्सिलएवढा नमुना काढा. त्यात पांढऱ्या चुन्याच्या नळीचे तुकडे दिसले की टेरेडो आहे, हे नक्की. तपासणी चिखलाच्या पातळीजवळ नक्की करा, कारण पाण्याबाहेरचा भाग शाबूत असतानाही तळाशी खांब संपलेला असू शकतो.

लिम्नोरिया आणि स्फेरोमा मात्र उघड दिसतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खांब डमरूसारखा मध्येच बारीक होतो.

तुमच्या जागी नेमकी कोणती कीड आहे हे कळण्यासाठी स्वस्त उपाय आहे. आंब्याच्या किंवा पाइनच्या बिनऔषधी फळीचे साधारण १५ × १० × २.५ सेंटिमीटरचे तुकडे दोरीला बांधून वेगवेगळ्या खोलीवर सोडा. दर महिन्याला एक काढून करवतीने चिरून पाहा. पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंत हे केले तर औषधावरचा खर्च डोळसपणे ठरवता येतो.

३. साग वापरला तर औषधाची गरज आहे का?

आहे. सागाचा गाभा जमिनीवर आणि हवेत उत्तम टिकतो; टेरेडोपुढे तो इतर अनेक लाकडांपेक्षा हळू हरतो, पण हरतोच. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागाचे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगते आहे, याचा दाखला लोक देतात. पण त्या काळच्या सागवानी जहाजांच्या तळालाही तांब्याचे पत्रे ठोकत असत, हे विसरले जाते.

सागाची दुसरी अडचण अशी की त्याच्या गाभ्यात औषध जवळपास शिरतच नाही. म्हणून महाग साग घेऊन त्याला प्रेशर ट्रीटमेंट (दाबाने औषध भरणे, प्रश्न ८) देणे हा बहुधा वाया गेलेला पैसा असतो. औषध पिणारे साधे लाकूड (आंबा, रबर, पाइन) नीट प्रक्रिया करून वापरले तर पाण्याखाली ते बिनऔषधी सागाला मागे टाकू शकते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या लाकडाच्या होड्यांवर याच विचाराने काम केले.

४. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डांबर, चुना, मुशीचं तेल लावतात. ते पुरेसं नाही का?

हे सगळे लेप आहेत. लेप अखंड असेपर्यंत पिल्लाला आत शिरू देत नाही. वाळूवर होडी ओढताना ओरखडा पडला, नांगराची साखळी घासली की तिथे उघडे लाकूड मिळते आणि तेवढे पुरते. जुन्या पद्धतीची खरी ताकद लेपाइतकीच त्यामागच्या वेळापत्रकात होती: होडी वारंवार वर घेणे, तळ शेकणे, पुन्हा लेप देणे आणि पावसाळ्यात महिना-दोन महिने शाकारून कोरडी ठेवणे. हे सगळे पाळणार असाल तर छोट्या होडीला आजही ते उपयोगी आहे. बाराही महिने पाण्यात उभ्या राहणाऱ्या खांबाला नाही.

जळके इंजिन ऑइल, रॉकेल किंवा वाळवीचे औषध ब्रशने लावून समुद्रात काहीही साधत नाही. उलट ते पाण्यात उतरते.

५. मग कोणतं औषध घ्यायचं? क्रिओसोट की सीसीए?

कोणती कीड आहे, त्यावर ठरते.

क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून ऊर्ध्वपातनाने काढलेले जड तेल. ते टेरेडो आणि मार्टेशियाला रोखते. पण उबदार पाण्यातली लिम्नोरियाची एक जात, लिम्नोरिया ट्रायपंक्टाटा, क्रिओसोट पचवून लाकूड खात राहते.

सीसीए म्हणजे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे पाण्यात विरघळणारे मिश्रण. ते टेरेडो आणि लिम्नोरिया या दोघांना रोखते, पण मार्टेशियावर त्याची मात्रा कमी चालते.

जिथे लिम्नोरिया आणि मार्टेशिया दोन्ही आहेत, तिथे दुहेरी प्रक्रिया करतात: आधी सीसीए, लाकूड पुन्हा वाळवून मग क्रिओसोट. क्रम उलटा चालत नाही, कारण तेल भरलेल्या लाकडात पाणी शिरणार नाही. स्फेरोमाला मात्र दोन्हींची फारशी पर्वा नसते. त्याच्यासाठी प्रश्न १३ पाहा.

बोरॉनची औषधे समुद्रात वापरू नका. घरातल्या फर्निचरला ती उत्तम, पण पाण्यात काही आठवड्यांत धुऊन जातात. सीसीबी (तांबे, क्रोमियम आणि बोरॉन) या मिश्रणातला बोरॉनही असाच निघून जातो.

६. सीसीए हे परदेशी औषध आहे का?

नाही. ते भारतातच जन्मले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेशन यांनी १९३३ साली ते शोधले आणि ‘अस्कू’ या नावाने ते जगभर गेले. तांबे कीड आणि बुरशी मारते, तांबे सोसणाऱ्यांसाठी आर्सेनिक असते आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवते. क्रोमियम नसेल तर बाकीचे दोन्ही समुद्र धुऊन नेईल.

७. कोटेशनमध्ये ‘घनमीटरला इतके किलो’ लिहिलेलं असतं. किती हवं?

तो आकडा म्हणजे लाकडात प्रत्यक्ष राहिलेले कोरडे औषध. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून थोडे सविस्तर.

उबदार समुद्रातल्या पाइनच्या खांबांसाठी अमेरिकेतला प्रघात असा: एकटे सीसीए असेल तर खांबाच्या बाहेरच्या थरात घनमीटरला सुमारे ४० किलो, दुहेरी प्रक्रियेत सीसीए १६ किलो आणि क्रिओसोट सुमारे ३२० किलो. आपल्याकडे निविदा काढताना आयएस ४०१ या भारतीय मानकाची चालू आवृत्ती काढून त्यातला समुद्री वापराचा तक्ता पाहावा. जमिनीतल्या कुंपणाच्या खांबाचे प्रमाण समुद्राला लावले तर पैसे पाण्यात जातात.

आता खाच. ४० किलो हा आकडा ऑक्साइडच्या हिशेबात आहे. भारतातले पारंपरिक मिश्रण क्षारांचे असते: मोरचूद ३ भाग, डायक्रोमेट ४ भाग आणि आर्सेनिक पेंटॉक्साइड १ भाग. या ८ किलो क्षारांत ऑक्साइड भरते जेमतेम साडेचार किलो. म्हणजे ऑक्साइडचे ४० किलो हवे असतील तर क्षार सुमारे ७० किलो लागतात. कोटेशनवर ‘ऑक्साइड’ की ‘क्षार’ हे लेखी मागा. ते लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा कारखाना शोधा.

८. प्रेशर ट्रीटमेंटमध्ये नक्की काय करतात?

साल पूर्ण काढून लाकूड वाळवतात. ओलावा २५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली यायला हवा, कारण पेशी पाण्याने भरलेल्या असतील तर औषधाला जागाच नसते. कापणे, तासणे, भोके पाडणे हे सगळे आधी उरकायचे.

लाकूड पोलादी टाकीत घालून दार बंद केल्यावर अर्धा-पाऊण तास निर्वात करतात, म्हणजे पेशींतली हवा निघते. निर्वात कायम ठेवूनच औषध आत सोडतात आणि दाब चढवतात. मऊ लाकडाला कमी, कठीण लाकडाला साधारण १० ते १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत. लाकूड औषध घ्यायचे थांबेपर्यंत दाब टिकवतात, मग औषध परत काढून शेवटी पुन्हा थोडा वेळ निर्वात करतात, म्हणजे लाकूड ठिबकत नाही. क्रिओसोट असेल तर ते ८०–९० अंशांपर्यंत तापवून पातळ करतात. सीसीए तापवत नाहीत. तापवले तर क्षार टाकीतच साका होऊन बसतात.

पेशी पूर्ण भरण्याची ही पद्धत जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये पेटंट केली. तेल वाचवण्यासाठी पेशी रिकाम्या ठेवणाऱ्या पद्धती नंतर आल्या. त्या विजेच्या खांबांना ठीक, समुद्राला नाहीत. कारखान्याला ‘फुल सेल’ असे स्पष्ट सांगा.

९. जवळपास प्रेशर प्लांट नाही. गावातच काही करता येईल का?

क्रिओसोटसाठी गरम-थंड पद्धत आहे. वाळलेले लाकूड तेलाच्या टाकीत पूर्ण बुडवून तेल ९० अंशांच्या आसपास काही तास ठेवायचे आणि मग आच बंद करून लाकूड तेलातच थंड होऊ द्यायचे. गरम असताना पेशींतली हवा प्रसरण पावून बाहेर पडते, आणि थंड होताना तेल आत ओढले जाते. खरे शोषण थंड होतानाच होते. तेल गरम आहे तोवरच लाकूड काढले तर केलेले सगळे व्यर्थ.

लाकूड ओले असेल तर तेल फेसाळून टाकीबाहेर येते आणि खाली जाळ असल्यास भडका उडतो. टाकी दोन-तृतीयांशच भरा, आच बाजूने द्या, थर्मामीटर वापरा.

सुरूचे ताजे खुंट असतील तर कापल्यावर लगेच, त्याच दिवशी, बुंधे औषधाच्या पाण्यात उभे करून शेंड्याकडे पाने ठेवली की झाड आपले पाणी वर ओढते आणि औषध चढते. डोल जाळ्यांच्या खुंटांसारख्या दोन-तीन हंगामांच्या कामाला हे चालते. धक्क्याच्या खांबाला यातले काहीही प्रेशरची बरोबरी करत नाही. आर्सेनिक असलेले औषध घरच्या अंगणात हाताळू नका. प्रश्न १५ पाहा.

१०. औषध खरंच आत गेलंय हे आम्ही कसं तपासायचं?

वजन करा. उदाहरणार्थ, ३ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद, ४ सेंटिमीटर जाड फळी म्हणजे ०.०२४ घनमीटर. प्रक्रियेआधी १७ किलो आणि नंतर २९ किलो भरली, तर १२ किलो द्रावण आत गेले. द्रावण ६ टक्क्यांचे असेल तर ०.७२ किलो क्षार, म्हणजे घनमीटरला ३० किलो. ऑक्साइडमध्ये सुमारे १७. वरच्या ४० च्या मापाने हे निम्म्याहूनही कमी.

वजन ‘किती’ ते सांगते, ‘कुठवर’ ते नाही. त्यासाठी मधल्या भागातून गिरमिटाने नमुना काढा, टोकाजवळून नको, कारण टोकाकडून औषध नेहमीच जास्त शिरते. क्रिओसोटचा काळा रंग डोळ्यांना दिसतो. तांब्यासाठी ०.५ ग्रॅम क्रोम अझ्युरॉल एस आणि ५ ग्रॅम सोडियम ॲसिटेट ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून नमुन्यावर शिंपडा. तांबे पोचले असेल तिथे गडद निळा रंग येतो. निळा पट्टा अखंड हवा. मध्ये लालसर-नारिंगी फट दिसली तर टेरेडोचे पिल्लूही तीच फट शोधणार. नमुना काढलेले भोक औषधी लाकडाच्या घट्ट खुंटीने लगेच बुजवा.

११. प्रक्रिया झाल्यावर लगेच पाण्यात टाकलं तर?

सीसीए असेल तर बिलकूल नको. क्रोमियम लाकडाशी बांधले जायला वेळ लागतो. आपल्या हवेत साधारण दोन आठवडे धरून चाला, थंडीत जास्त. या काळात लाकूड छपराखाली, एकमेकांवर घट्ट रचून, ताडपत्री झाकून ओलसर ठेवा. उन्हात फटकन वाळले तर बांधणी अर्धवट राहते. त्याच काळात पाऊस लागला तर औषध गटारात जाते, विषारी रूपातच.

बांधणी झाली का, हे क्रोमोट्रोपिक आम्लाच्या चाचणीने कळते: जांभळा रंग आला तर अजून थांबायचे.

१२. जागेवर बसवताना कापावं लागलं, बोल्टचं भोक पाडावं लागलं. आता काय?

बरेचसे प्रक्रिया केलेले खांब इथेच मरतात. खांबात औषधाचे कवच काही सेंटिमीटरांचेच असते. मधला गाभा बिनऔषधी. एका २० मिलिमीटरच्या भोकाने त्या गाभ्यापर्यंत दार उघडते.

भोक आणि कापलेली बाजू यांना २ टक्के तांबे असलेले कॉपर नॅप्थेनेट किंवा गरम क्रिओसोट दोन-तीनदा भरपूर पाजा. बोल्ट त्याच दिवशी बसवा. चुकीचे भोक उघडे ठेवू नका, औषधी खुंटी ठोका. शक्य असेल तिथे आडव्या तुळया भरतीच्या रेषेच्या वरच जोडा. खांबाची लांबी जास्त झाली तर वरचे डोके कापा, चिखलातले टोक कधीही नाही.

बोल्ट गरम जस्त चढवलेले किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या. तांबेयुक्त लाकडाला ॲल्युमिनियम लावले तर खाऱ्या पाण्यात ते झपाट्याने झिजते.

१३. आमच्या उघाडीची (खारबंदिस्तीतून पाणी सोडायच्या वाटेची) दारं खाडीत आहेत, पावसात पाणी गोडं होतं. तिथेही औषध लागतं?

लागते, पण वेगळ्या कारणाने. पावसाच्या लोंढ्याने खारटपणा उतरला की टेरेडोचा जोर ओसरतो, काही मरतातही. पण काही जण भोक बंद करून आत तग धरतात आणि दसऱ्या-दिवाळीनंतर पाणी खारट झाले की नवी पिल्ले येऊन बसतात. स्फेरोमाला तर मचूळ पाणी मानवते. तो लाकूड खात नाही, पाण्यातले कण गाळून जगतो, म्हणून लाकडातल्या विषाचा त्याच्या पोटात फारसा शिरकाव होत नाही.

कोकणातल्या उघाड्या असोत की गोव्याच्या खाजनांतल्या (खारजमिनींतल्या) मानशी, दारांना सीसीए द्यावे आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वरून अडथळाही हवा: तांब्याचा पत्रा, जाड एचडीपीई प्लास्टिक किंवा फायबर. दाराच्या फळ्या सुट्या बदलता येतील अशा बसवल्या तर आणखी उत्तम. चौकटीतली खाच आधी पाडून मगच प्रक्रिया करा.

१४. कीड लागलेल्या खांबाला किंवा होडीला आता औषध मारलं तर?

वरून मारलेले औषध आतल्या टेरेडोपर्यंत पोचत नाही. तो झडपा लावून घेतो. अशा बंद स्थितीत तो सहा आठवड्यांपर्यंत जगू शकतो. त्यामुळे होडी चार दिवस वाळूवर काढून किंवा नदीच्या गोड्या पाण्यात नेऊन काही होत नाही. ती पूर्ण वाळेपर्यंत वर ठेवावी लागते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होडी वर असतेच, तेव्हा ताडपत्रीखाली वारा खेळता ठेवला तर हे साधते. कीड मरते, पण गेलेली ताकद परत येत नाही. पठाणाला, म्हणजे तळाच्या कण्याला, नमुना घेऊन तपासल्याशिवाय होडी पुन्हा लोटू नका.

उभ्या खांबाला जाड पॉलिथिन किंवा पीव्हीसीचे वेष्टन गुंडाळतात. आतले पाणी साचून त्यातला प्राणवायू संपतो आणि कीड गुदमरते. वेष्टन चिखलाखाली ३०–५० सेंटिमीटरपासून उधाणाच्या भरतीच्या वरपर्यंत हवे आणि दोन्ही टोके घट्ट. आधी कालवे-शिंपले खरवडा, नाहीतर त्यांच्या धारेने प्लास्टिक फाटते.

१५. हे औषध माणसांना, माशांना किती धोक्याचं आहे?

धोक्याचे आहे, आणि हे लपवून विकणाऱ्यांपासून लांब राहा. सीसीएच्या द्रावणात आर्सेनिक आणि सहासंयुजी क्रोमियम असते. प्रक्रिया फक्त बंदिस्त कारखान्यातच व्हावी. बांधणी झालेल्या लाकडातूनही सुरुवातीच्या काही महिन्यांत थोडे तांबे झिरपते, म्हणून कालवे-खुब्यांच्या शेतीजवळ किंवा पाणी न खेळणाऱ्या कोंडीत असे खांब दाटीने रोवू नयेत. युरोपीय संघात २००४ पासून सीसीए लाकडावर कडक निर्बंध आहेत. अमेरिकेत ते २००३ अखेर घरगुती वापरातून काढले गेले. समुद्री खांबांना चालू आहे.

कापताना हातमोजे, मास्क आणि चश्मा वापरा, आणि भुसा गोळा करा. क्रिओसोट कातडीला लागून ऊन पडले की आग होते. लांब बाह्या घाला. माणसे बसतील, मुले हात लावतील अशा कठड्यांना दोन्ही औषधे नकोत.

जुने औषधी लाकूड चुलीत, होळीत, भट्टीत कधीही जाळू नका. आर्सेनिक धुरात जाते आणि राखेतही उरते. ती राख आळ्यात घातली तर विहिरीपर्यंत पोचू शकते.

१६. होडीला फायबर चढवायचं आहे. आधी औषध द्यावं का?

सीसीए देऊन, बांधणी पूर्ण करून, ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आणून, पृष्ठभाग ओल्या पॉलिश-पेपरने घासून फायबर चढवता येते. क्रिओसोटवर रेझिन धरत नाही. फायबर फुटले तर आतले औषध दुसरी फळी म्हणून उभे असते, यासाठीच ही दुहेरी तजवीज. ओल्या लाकडावर फायबर चढवले तर कीड नाही, पण कूज लागते.

तळाला कॉपर ऑक्साइडचा रंग लावणार असाल तर तो दर वर्षी लावायची तयारी ठेवा. ट्रायब्युटिल टिनचे जुने रंग कुठे मिळाले तरी घेऊ नका; आंतरराष्ट्रीय कराराने ते २००८ पासून बंद आहेत.

१७. खात्रीचं ट्रीटमेंट असूनही खांब तीन वर्षांत गेला. का?

आधी भोक कोणाचे ते पाहा. आठ-दहा मिलिमीटरची गोल, उथळ भोके म्हणजे मार्टेशिया किंवा स्फेरोमा. मग औषधाची निवडच चुकली होती (प्रश्न ५, १३). आत चुन्याच्या नळ्या असतील आणि सुरुवात बोल्टापाशी असेल, तर प्रश्न १२. सगळीकडे सारखी कीड असेल तर मात्रा कमी पडली (प्रश्न ७, १०).

उभ्या चिरेपाशी कीड असेल तर लाकूड अर्धवट वाळलेले असताना प्रक्रिया झाली होती. नंतर वाळताना ते तडकले आणि चीर कवचाच्या आत गेली. चौकोनी चिरलेल्या खांबांत हे जास्त होते, कारण चिरताना औषध पिणारा बाहेरचा पांढरा थर निघून जातो आणि न पिणारा गाभा एका बाजूला उघडा पडतो. समुद्रात रोवायला गोल खांब, बाहेरच्या पांढऱ्या थरासकट घ्या. लाकूडवाले हाच थर ‘कच्चा’ म्हणून तासून देतात. त्यांना तसे करू देऊ नका.